सहा दिवस तिमोर-लेस्तेत, बाबांसोबत

दिवस १, रविवार २५ ऑगस्ट २०२४

आधी हे सांगते की तिमोरच का, कारण निघायच्या आधी प्रत्येकाने हेच विचारलं, बालीपर्यंत जाताय तर बालीच बघा की, पुढे तिमोरची राजधानी म्हणतात त्या दिलीत काय ठेवलंय. तर आमचे आजोबा १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते. १५ ऑगस्टला बांद्याकडून पत्रादेवीला जे जथे आत शिरले त्यातल्या एकात. समोर पोर्तुगीजांचे पोलीस बंदुका रोखून, आधी गेलेल्यांना कसं फोडून काढलंय हे गावोगाव माहीत, तरी ही माणसं हातात काही न घेता चालत गेली, गोळीबार झाला, वीसहून जास्त माणसं मेली. आजोबा वाचले. बाबा तेव्हा पाळण्यात होते. पुढे मोठे झाल्यावर बाबांनी त्यांना कितीदा तरी विचारलं, माहीत होतं ना काय होणार ते, मग गेलात कशाला? आजोबा एवढंच म्हणायचे, "ओळ पुढे जात होती." बाबांचं त्यावर कधी समाधान झालं नाही.

गोवा १९६१ ला सुटला. पण त्याच पोर्तुगीजांचा पूर्वेकडचा एक तुकडा, तिमोर बेटाचा पूर्वेकडचा अर्धा भाग, तो तसाच राहिला. १८४४ पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याहून चालायचा, म्हणजे पणजीत बसलेल्या माणसाच्या सहीने दिलीतल्या माणसाचं नशीब ठरायचं. आपण सुटलो, ते राहिले, आणि राहिले ते अजून मोठ्या संकटात सापडले. रिटायर झाल्यापासून बाबा यावर वाचत होते. ६९ वय, गुडघे दुखतात, पण म्हणाले, अगं, एकदा जाऊन येऊ.

मुंबई ते बाली, तिथून दोनेक तासांचं विमान. दिलीचा विमानतळ छोटा, एसटी स्टँडच्या आकाराचा म्हटलं तरी चालेल, ३० डॉलर भरून व्हिसा तिथेच मिळाला. देशाचं चलनच अमेरिकन डॉलर आहे, सुटी नाणी तेवढी त्यांची स्वतःची. विमानतळाला नाव निकोलाऊ लोबातो यांचं, १९७५ सालचे पहिले पंतप्रधान, ३१ डिसेंबर १९७८ ला डोंगरात लढताना इंडोनेशियाच्या सैन्याकडून मारले गेले. देशात पाऊल ठेवायच्या आधी वाचायला मिळतं ते हे नाव.

आम्ही एका बाईंच्या घरी खोली घेतली होती. इथे मोठ्या बहिणीच्या वयाच्या बाईला 'माना' म्हणतात आणि मोठ्या भावाला 'माऊन', त्यामुळे मी त्यांना मानाच म्हणते. साठीच्या आसपास, बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. त्या तेतुम बोलतात, त्यांची मुलगी इंग्रजीत सांगते, मी बाबांना मराठीत. मानांनी खोलीची किल्ली हातात ठेवली आणि म्हणाल्या "शावे". बाबा एकदम माझ्याकडे बघायला लागले, "अगं चावी म्हणतायत त्या!" मग काय, बाबांनी बोट दाखवून विचारायचा सपाटाच लावला. साबणाला साबाऊन, पावाला पाऊन, बादलीला बाल्दे, बटाटा, मेज, सगळं ओळखीचं निघत गेलं आणि पंधरा मिनिटांत दोघांची दुभाष्याशिवाय जमली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका खिळ्याला एक जुनी गंजकी किल्ली टांगलेली दिसली. त्या घरातल्या कुठल्याच कुलपाची वाटत नव्हती. विचारायचं राहून गेलं.

दिवस २, सोमवार

सकाळी मायक्रोलेटने निघालो. आपल्याकडच्या वडापसारख्या गाड्या, नंबरावर चालतात, २५ सेंताव्होचं नाणं, उतरायचं असलं की तेच नाणं वरच्या लोखंडी दांड्यावर टकटक वाजवायचं. बाबांना हे फार आवडलं.

आधी रेझिस्टन्स म्युझियम. थोडक्यात गोष्ट अशी. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही कोसळली, नव्या सरकारने वसाहती सोडायचं ठरवलं. (याच नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ ला भारताशी करार करून गोवा भारताचा आहे हे मान्य केलं, १३ वर्षांनी!) तिमोरमध्ये पक्ष निघाले, फ्रेतिलिनला पूर्ण स्वातंत्र्य हवं होतं, यूडीटीला सावकाश, एक छोटा पक्ष इंडोनेशियात जायचं म्हणणारा. ऑगस्ट १९७५ मध्ये यूडीटीने सत्ता घ्यायचा प्रयत्न केला, आपसात यादवी झाली, पोर्तुगीज गव्हर्नर समोरच्या आताउरो बेटावर निघून गेला. २८ नोव्हेंबरला फ्रेतिलिनने स्वातंत्र्य जाहीर केलं. ७ डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य दिलीत उतरलं. नऊ दिवस. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जकार्तात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांना भेटून गेले होते. पुढच्या वर्षी जुलैत 'आमचा २७ वा प्रांत' म्हणून जाहीर.

आणि एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, आपल्याला आवडो न आवडो. हल्ल्यानंतर लगेच युनोच्या आमसभेत इंडोनेशियाने सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला तेव्हा भारताने विरोधात मत दिलं होतं. बाबांना हे आधीपासून माहीत होतं. तिथल्या बाकावर बसून म्हणाले, ज्यांच्यासाठी आपण पत्रादेवीला चाललो असतो, त्यांच्या विरोधात हात वर केला आपण. मला काही बोलता आलं नाही.

दुपारी सांताक्रूझ कब्रस्तान. इथे जरा थांबते.

ऑक्टोबर १९९१ च्या शेवटी मोताएल चर्चमध्ये आसरा घेतलेला सेबास्तियाँव गोमेश नावाचा तरुण मारला गेला. १२ नोव्हेंबरला त्याच्यासाठी मोताएलला प्रार्थना झाली आणि लोक चालत सांताक्रूझकडे निघाले, बहुतेक कॉलेज-शाळेतली पोरं. वाटेत शर्टाखाली लपवलेले बॅनर बाहेर निघाले, स्वातंत्र्याचे, गनिमी लढ्याचे नेते शानाना गुज्मांव यांच्या नावाचे. कब्रस्तानाशी सैन्य आलं आणि गोळीबार सुरू झाला. अडीचशेच्या वर माणसं गेली. त्याआधीही अशा कत्तली झाल्या होत्या पण जगाने बघितल्या नव्हत्या. या वेळी मॅक्स स्टाल नावाचा ब्रिटिश पत्रकार कॅमेरा घेऊन आत होता, पकडायच्या आधी त्याने कॅसेट एका ताज्या कबरीत पुरली, नंतर काढली आणि ती देशाबाहेर गेली. त्या फिल्ममध्ये कबरींच्या मधल्या छोट्या चॅपेलमध्ये घाबरलेली माणसं पोर्तुगीजमधून प्रार्थना करताना ऐकू येतात. लिस्बनमध्ये लोकांनी टीव्हीवर आपल्या भाषेतली ती प्रार्थना ऐकली आणि तिथे सगळं हललं.

कब्रस्तान अगदी दाटीचं आहे, कबरींना रंगीत फरशा, आकाशी, गुलाबी, मधून चालायला पाऊल आडवं टाकावं लागतं. मला फिल्ममधलं ते फाटक ओळखू आलं. त्या अरुंद फाटकातून सगळे एकदम आत घुसायला बघत होते. बाबांनी फाटकाच्या खांबाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. शेजारी शाळेच्या युनिफॉर्ममधल्या तीन मुली मेणबत्त्या लावत होत्या, आम्हाला बघून "बोतार्दे" म्हणाल्या. मोताएल चर्च समुद्रकिनाऱ्याला आहे, दीपगृहाजवळ, तिथून इथपर्यंत चालत यायचं म्हणजे चांगलंच अंतर, म्हणजे परत फिरायला वेळ भरपूर होता त्या पोरांना.

दिवस ३, मंगळवार

बालिदेचा तुरुंग. पोर्तुगीजांनी बांधला, इंडोनेशियाने वापरला, आता तिथे 'शेगा' केंद्र आहे. शेगा म्हणजे 'पुरे!', 'बास झालं!' इंडोनेशिया गेल्यावर सत्यशोधन आयोग नेमला, साडेसात हजारांहून जास्त जबान्या घेतल्या आणि २००५ मध्ये जो अडीच हजारांवर पानांचा अहवाल दिला त्याचं नाव हेच. आयोगाच्या हिशोबाने १९७४ ते १९९९ मध्ये संघर्षामुळे किमान १ लाख २ हजार ८०० माणसं गेली, त्यातली साधारण १८,६०० मारली गेली किंवा गायब झाली आणि ८४,२०० भूक आणि आजाराने. हा दुसरा आकडा मी दोनदा वाचला. लोक डोंगरात पळाले, वरून बॉम्ब, खाली पिकं जाळलेली, शरण आले त्यांना छावण्यांत कोंडलं जिथे शेती करायची मुभा नव्हती. अख्ख्या देशाची वस्ती तेव्हा सात लाखांच्या आत.

काळोख्या कोठड्या बघितल्या. उभं राहिलं की भिंत नाकाला. बाबा आत गेले नाहीत, मी गेले आणि दहा सेकंदांत बाहेर आले. भिंतींवर कैद्यांनी ओरखडलेली अक्षरं तशीच जपलीयेत.

संध्याकाळी मानांनी बातार दाआन केलं होतं, मका, मूग आणि लाल भोपळा एकत्र शिजवलेला, सोबत मिरचीचा ठेचा. बाबांनी तीनदा वाढून घेतलं. आपल्या राष्ट्रपती मुर्मू पंधरा दिवसांपूर्वीच इथे येऊन गेल्या होत्या त्याबद्दल मानांची मुलगी उत्साहाने सांगत होती, रस्त्यावर झेंडे लावले होते म्हणे.

जेवताना एक शब्द शिकले, उकुन रासिक आन. उकुन म्हणजे राज्य करणं, रासिक आन म्हणजे स्वतःचं स्वतः. स्वातंत्र्याला इथली साधी माणसं हाच शब्द वापरतात. आपल्याकडे स्वराज्य म्हणतात तेच, जोडसुद्धा तशीच.

दिवस ४, बुधवार

गाडी करून बालिबो. इंडोनेशियाच्या सरहद्दीजवळ, दिलीहून जायलाच तीन तासांच्या वर. ड्रायव्हर माऊन कमी बोलणारे पण थांबवा म्हटलं की थांबवायचे.

शहराबाहेर तासितोलू लागतं, समुद्राला लागून मोठं उघडं मैदान. २० मे २००२ ला मध्यरात्री इथेच स्वतंत्र तिमोरचा झेंडा चढला. आम्ही गेलो तेव्हा तिथे पोप येणार म्हणून व्यासपीठाचं काम जोरात चालू होतं (नंतर वाचलं की ६ लाखांच्या आसपास माणसं जमली, म्हणजे देशातला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस). त्या तयारीसाठी तिथल्या काही गरीब लोकांची घरं पाडली, माऊन फक्त मोकळ्या जागेकडे हात करून म्हणाले, इथे माणसं राहायची. स्वराज्यातसुद्धा हे व्हावं याचं वाईट वाटलं आणि ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पुढे लिकिसा. एप्रिल १९९९ मध्ये तिथल्या चर्चच्या आवारात आसऱ्याला आलेल्या लोकांवर मिलिशियाने, म्हणजे इंडोनेशियाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांनी, हल्ला केला, कित्येक डझन माणसं गेली. आज शांत गाव, चर्चसमोर झाडं, बायका बसून काहीतरी निवडत होत्या. मावबाराला जुना डच किल्ला, तिथे नारळपाणी प्यायलो, बाबांनी गुडघ्याला तेल चोळलं.

बालिबोत एका साध्या घराच्या भिंतीवर ऑस्ट्रेलियाचा झेंडा रंगवलेला आहे. १६ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे उघड हल्ल्याच्याही पावणेदोन महिने आधी, इंडोनेशियाचं सैन्य इथून आत घुसत होतं आणि ते टिपायला ऑस्ट्रेलियन टीव्हीचे पाच जण आले होते, त्यात दोन ब्रिटिश आणि एक न्यूझीलंडचा. आपण कोण ते कळावं म्हणून त्यांनी भिंतीवर झेंडा काढला, वाटलं याने वाचू. पाचही जण मारले गेले. लढाईच्या गोंधळात गोळ्या लागल्या असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, २००७ मध्ये सिडनीतल्या चौकशीत निकाल आला की मुद्दाम मारलं. आणि ज्या देशाचा झेंडा काढला त्या ऑस्ट्रेलियाने १९७९ पर्यंत तिमोर इंडोनेशियाचा असल्याचं कायदेशीर मान्यही करून टाकलं. समुद्राखालचं तेल हे त्यामागचं मोठं कारण. रंग आता फिका झालाय, वर काच बसवलीय. बाबा म्हणाले, झेंडा काढला तो हात किती घाईत असेल बघ, रेघ सरळ नाहीये.

वर पोर्तुगीज किल्ल्यातून समुद्र दिसतो. येताना रात्र झाली.

दिवस ५, गुरुवार

आज हलकं ठेवलं. सकाळी दारे, दिलीच्या वर डोंगरात, दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक. पोर्तुगाल तटस्थ होतं, तरी फेब्रुवारी १९४२ मध्ये जपान उतरलं आणि १९४५ पर्यंत राहिलं. ऑस्ट्रेलियन कमांडोंना डोंगरात सांभाळलं ते तिमोरी पोरांनी, सामान वाहिलं, वाटा दाखवल्या, आणि कमांडो गेल्यावर सूड भोगायला मागे हेच राहिले. ४० ते ७० हजार माणसं गेली असं धरतात.

तिथे कॉफी प्यायलो. बाबांना कॉफीतलं कळत नाही पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली. या बेटावर अरेबिका आणि रोबस्टाचा आपोआप संकर झालेलं झाड सापडलं, पानांवरच्या तांबेऱ्याला दाद न देणारं, आणि त्याच्यापासून जगभर नव्या जाती काढल्या, आपल्या चिकमगळूरकडची 'कावेरी' जातसुद्धा त्यातलीच. बाबांनी कप परत भरून घेतला.

संध्याकाळी क्रिस्तो रेई, समुद्रात घुसलेल्या टेकडीवर पृथ्वीच्या गोळ्यावर उभा ख्रिस्त. सुहार्तोंच्या काळात बांधला, उंची २७ मीटर, कारण २७ वा प्रांत. लोकांनी पाडला नाही, ठेवलाय, पहाटे पायऱ्यांवर व्यायाम करतात म्हणे. बाबा खाली बसले, मी वर जाऊन आले.

दिवस ६, शुक्रवार ३० ऑगस्ट

याच तारखेसाठी सगळा प्रवास आखला होता. ३० ऑगस्ट १९९९ चं मतदान, त्याला आज २५ वर्षं. शहरभर झेंडे, सुट्टी, युनोचे सरचिटणीस गुटेरेश आलेले. १९९९ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान हेच होते.

सुहार्तो १९९८ मध्ये सत्तेवरून गेले, नवे अध्यक्ष हबीबी तिमोरच्या स्वातंत्र्यावर जनमत घ्यायला तयार झाले, ५ मे ला न्यूयॉर्कमध्ये करार झाला. त्यात सुरक्षा ठेवली इंडोनेशियाच्याच हातात. म्हणजे ज्यांच्या पाठबळावर मिलिशिया गावं जाळत होत्या, मतदारांचं रक्षण त्यांनीच करायचं. दिवसाढवळ्या धमक्या होत्या, स्वातंत्र्याला मत द्याल तर रक्ताचा समुद्र होईल. आणि तरी ९८.६ टक्के मतदान झालं. पुन्हा लिहिते, ९८.६.

सकाळी मानांनी कॉफी ठेवली, बाबांनी तोच प्रश्न विचारला जो आयुष्यभर आजोबांना विचारला. माहीत होतं ना काय होणार ते? मी मुलीला सांगितलं, मुलीने आईला.

माना म्हणाल्या, माहीत होतं. आदल्या रात्रीच गाठोडं बांधलं. तांदूळ, एक पातेलं, पोरांचे बाप्तिस्म्याचे कागद. पहाटे अंधारातच निघालो, शाळेपाशी पोचलो तर तिथे आधीच एवढी माणसं, म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन आलेले, सगळ्यांनी चर्चला घालायचे ते कपडे घातलेले. कोणी बोलत नव्हतं. खिळ्याने कागदाला भोक पाडायचं, वर इंडोनेशियाचा झेंडा, खाली आपला. हात थरथरत होता, भोक मोठं पडलं, वाटलं मत बाद होईल. मग घरी न जाता सरळ डोंगरात.

बाबांनी विचारलं, परत का नाही फिरलात? माना जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, मागे बघितलं तर मागेही माणसं होती, पुढेही माणसं होती, पुढचा सरकला की आपण सरकायचं.

बाबांनी कप खाली ठेवला. मला वाटलं ते काही बोलतील, पण ते उठून अंगणात गेले आणि पेरूच्या झाडाखाली उभे राहिले. मानांना वाटलं आपण काही चुकीचं बोललो का, मग मी त्यांना आजोबांचं सगळं सांगितलं, पत्रादेवी, १९५५, ती ओळ. त्यांनी एवढंच विचारलं, परत आले का ते? म्हटलं आले.

मतं मोजताना कुठल्या गावाने काय दिलं ते कळू नये म्हणून सगळ्या पेट्या दिलीत आणून कागद एकत्र मिसळले होते. ४ सप्टेंबरला निकाल, ३,४४,५८० स्वातंत्र्याच्या बाजूने, ९४,३८८ विरुद्ध. ७८.५ टक्के. आणि मग जे सांगितलं होतं ते झालं, सुमारे १४०० माणसं मारली गेली, अडीच लाखांच्या आसपास माणसं पश्चिम तिमोरला हाकलली गेली, देशातल्या बहुतेक इमारती जाळल्या. शानाना गुज्मांवनी आपल्या गनिमी फौजेला छावण्यांतून हलू नका असं बजावलं होतं, कारण उलटा वार केला असता तर याला यादवी म्हणून जगाने हात झटकले असते. लोक जळत असताना बंदूक हातात घेऊन बसून राहणं, हे मला अजून पचत नाही, पण तेच केलं त्यांनी. २० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय फौज उतरली. पुढे अडीच-पावणेतीन वर्षं युनोचा कारभार, आणि मग तासितोलूची ती मध्यरात्र.

माना ऑक्टोबरात डोंगरातून उतरल्या. घराच्या जागी चार काळ्या भिंती, वरचे पत्रेसुद्धा नाहीत. दार नाही, चौकट नाही. मतदानाला निघताना त्यांनी दाराला कुलूप लावलं होतं आणि किल्ली कमरेला खोचली होती, सव्वा महिना डोंगरात ती कमरेलाच होती.

बाबा तोवर आत आले होते. त्यांनी भिंतीवरच्या त्या खिळ्याकडे बोट केलं. "शावे?"

माना म्हणाल्या, "शावे." उठून काढून दिली त्यांच्या हातात. छोटीशीच, दांड्याला गंज, डोक्याचा भाग मात्र बोटं लागून लागून गुळगुळीत झालेला. बाबांनी उलटीसुलटी करून बघितली आणि परत त्याच खिळ्याला अडकवली. मग खिशातून आमच्या खोलीची किल्ली काढून मेजावर ठेवली, कारण विमान दुपारचं होतं.